धाकट्या भावाचे पान

त्या राज्यात सगळी वाद्येच राहत होती. लढाया संपून बरीच वर्षे झाली होती, आणि लढाईत वाजलेली वाद्ये आपापल्या गावी परतून म्हातारी होत होती.

राज्य त्यांना विसरले नव्हते. सणाला त्यांना पहिल्या ओळीत बसवत, गुलाल लावत. पण रणातल्या धुळीची एक खोड असते. लढाई चालू असेपर्यंत ती अंगात शिरून गप्प बसते, आणि सुखाचे दिवस आले की आपले काम सुरू करते.

रायाजी नाईक नावाच्या रणढोलाचे तसेच झाले. ढोलाच्या तोंडावरच्या कातड्याला तिथे पान म्हणत, आणि चांगले पान ढोलाच्या पोटात ओल साचू देत नसे. रायाजीची दोन्ही पाने विरली. पोटात ओल धरू लागली, लाकूड सुजले, आवाज भसाडा झाला. मग आठवड्यातून तीनदा आगटीपुढे अर्धा-अर्धा दिवस बसून ओल काढून घेणे त्याच्या नशिबी आले. बसून उठला की बरे वाटे, दोन दिवसांनी पुन्हा जैसे थे. ज्याच्या एका ठोक्यावर हजार पावले उठत, तो आता आगटीच्या वेळा सांभाळून जगत होता.

त्याचा धाकटा भाऊ भिवा हा जत्रेतला ढोल. लढाई त्याने कधी पाहिली नव्हती, पण तोंडाने तो एकटाच दहा ढोलांना भारी होता. एके दिवशी तो आगटीपाशी आला आणि म्हणाला, "दादा, मला दोन पानं आहेत. एक तू घे."

"आणि तुझं रे?"

"माझं काय व्हायचंय? लोक म्हणतील, भिवा हल्ली जरा कमी बोलतो. गावाला सुखच आहे ते."

राजधानीत एक जाणती वीणा होती. एकाचे पान उतरवून दुसऱ्याला बसवण्याची विद्या तिला अवगत होती. तिने दोघा भावांना शेजारी शेजारी ठेवले आणि सकाळपासून दुपारपर्यंत काम केले. रायाजीने नव्या पानावर पहिला ठोका दिला, तेव्हा दालनातल्या सगळ्या तारा आपोआप झणाणल्या. भिवा एका बाजूने उघडा पडला होता, पण हसत होता.

निघताना वीणेने रायाजीला बजावले, "पान बसवलं म्हणजे अर्धंच काम झालं, नाईक. तुमचं लाकूड या पानाला परकं समजणार. जन्मभर त्याला हळूहळू लोटत राहणार. म्हणून सकाळ-संध्याकाळ हा लेप लावायचा, आणि दर महिन्याला पानाचा ताण तपासून घ्यायचा."

नियम असा होता की राजधानीत बसवलेले पान राजधानीतच तपासायचे. गावापासून राजधानी तीन दिवसांच्या वाटेवर. गाडीच्या हादऱ्यांनी अंग खिळखिळे होई, वाटेतल्या दवाने पान भिजे. कित्येक म्हातारे ढोल दोन खेपांतच कंटाळले आणि घरी बसले. रायाजीने मात्र एकही खेप चुकवली नाही. हजेरी चुकवणे त्याला ठाऊकच नव्हते.

आणि घोटाळा नेमका तिथेच होता. हजेरीला उभे राहण्याआधी काय करायचे, हे त्याच्या लाकडात मुरलेले होते. राजधानीच्या वेशीबाहेर तो गाडी थांबवायला लावी, कड्या घासून लख्ख करी आणि दुपारभर उन्हात बसून राही. ऊन खाल्ले की कसलेही पान ताठ होते. मग आत जाऊन, नाव पुकारताच, छाती काढून एकच शब्द बोले, "ठीक!" तपासणारे ठोका ऐकत, मान डोलावत आणि पुढचे नाव पुकारत.

आपण कोणाला फसवतो आहोत असे रायाजीच्या मनातही नव्हते. त्याला वाटे, नीटनेटके जाणे ही रीतच आहे. दिवस बरे चालले आहेत असे पाहून त्याने संध्याकाळचा लेपही सोडून दिला. पुढे आवाज थोडा बसला, तर ती हवा असेल म्हणून गप्प राहिला. ढोलाने कुरकुर करायची नसते.

अशात राज्याने एक नवे फर्मान काढले. म्हाताऱ्यांनी राजधानीकडे यावे, त्यापेक्षा राजधानीने म्हाताऱ्यांकडे जावे. घाटांच्या पायथ्याला पडून असलेल्या जुन्या चौक्या झाडून-सारवून घेतल्या गेल्या आणि तिथे तपासणीची सोय झाली. रायाजीच्या गावच्या चौकीत चिमा नावाचे एक तुणतुणे येऊन बसले. चिमाला एकच तार. पाने बसवण्याची विद्या तिच्याकडे नव्हती, पण एकदा धरलेला सूर तिच्या हातून कधी निसटला नव्हता.

रायाजीला हे काही रुचले नाही. "प्रत्यक्ष वीणेनं तपासलंय मला. आता तुणतुण्यापुढं उभा राहू?"

"उभा कशाला? बाक आहे तिथं, बस," भिवा म्हणाला.

"बरं, दुपारी जाऊ. कड्या घासतो, जरा ऊन खातो."

"लग्नाला निघालायस का? ती बघ चौकी, ओसरीवरून दिसतेय. चल!" असे म्हणून भिवाने त्याला ढकललेच. उतारावरून गडगडत रायाजी थेट चौकीच्या अंगणात जाऊन पडला, आणि मागोमाग भिवाही आला. रायाजीच्या अंगावर पहाटेचे दव तसेच होते आणि कड्या काळ्या होत्या.

"या, नाईक काका," चिमा म्हणाली.

"ठीक!" रायाजी म्हणाला.

"ते मी अजून विचारलंच नाही. आधी वाजा."

तिने तार छेडली. रायाजीने ठोका दिला. तारेचा सूर एकीकडे राहिला आणि ठोका ओल्या पोत्यासारखा दुसरीकडे पडला. चिमाने पुन्हा तार छेडली. पुन्हा तेच. मग तिने जवळ येऊन पानाची कड पाहिली. लाकडाने पानाला बोटभर लोटून दिले होते.

"लेप किती दिवस चुकलाय?" तिने हळूच विचारले.

रायाजी आपल्या काळ्या कड्यांकडे पाहू लागला. मग म्हणाला, "संध्याकाळचा. तीन महिने."

"अजून आठ दिवस गेले असते, काका, तर हे पान गळून पडलं असतं. मग परत आगटी."

चिमाने चौकीमागच्या टेकडीवरच्या शिंगाला हाक दिली. राजधानीपर्यंत टेकडी-टेकडीवर अशी शिंगे बसवलेली होती, हीही लढाईतून परतलेलीच. कैक वर्षांनी त्यांना फुंकायला काही मिळाले होते, त्यामुळे निरोप टेकडीवरून टेकडीवर उड्या मारीत गेला आणि दुपारच्या आत वीणेचे उत्तर आले: लेप दुप्पट करा, एक दिवसाआड ताण पाहा, पान वाचेल. निरोपाच्या शेपटीला शेवटच्या शिंगाने आपल्या पदरचे चार शब्द जोडले होते. "नाईक, तुमचं 'ठीक' आम्ही रणातही ऐकलंय. तेव्हाही तुमच्या पानाची वादी तुटलेलीच होती!"

अंगणातले सगळे हसले. रायाजीला मात्र भावाकडे पाहवेना.

"भिवा," तो म्हणाला, "तुझं पान मी घालवायला निघालो होतो."

भिवा गडगडत त्याच्याजवळ येऊन टेकला. मग म्हणाला, "दिलं तेव्हाच ते तुझं झालं, दादा. पण ते सैल वाजलं की बदनामी माझ्या कातड्याची होते. आजपासून संध्याकाळचा लेप मी लावणार. पळून दाखव."

त्या दिवसापासून रायाजी एक दिवसाआड चौकीत जाऊ लागला, असेल तसा, धुळीने माखलेला. कुठे दुखते ते सांगायला त्याला आधी लाज वाटे. पुढे तो इतके सांगू लागला की चिमाला म्हणावे लागे, "काका, बाकीचेही आहेत मागे." आणि बाकीचे खरोखरच होते. घरी बसलेले ढोल, चिरलेले ताशे, एक बहिरा नगारा. राजधानीची वाट सोडून दिलेले सगळे उतारावरून गडगडत येऊ लागले. रायाजी दारात बसून प्रत्येकाला दरडावी, "काय होतंय ते खरं सांगायचं! शूरपणा बाहेर ठेवून यायचा!" तपासणीपेक्षा अंगणातल्या गप्पाच लांबत, आणि घाटातून जाणाऱ्यांना वाटे की चौकीत कसला तरी उत्सव चालू आहे.

चाळिसाव्या दिवशी सकाळी रायाजी बाकावर बसला. भिवा त्याच्याबरोबर आला होता आणि अंगणाच्या पार दुसऱ्या टोकाला, उघडी बाजू खाली टेकून, पेंगत पडला होता. वरच्या पानावर चिमण्यांनी जोंधळ्याचे चार दाणे सांडून ठेवले होते.

चिमाने तार छेडली. रायाजीने श्वास रोखला आणि ठोका दिला.

सूर सुरात मिसळला. भिवाला कोणी हातही लावलेला नव्हता. तरी त्याच्या पानावरचे दाणे थरथरले, आणि मग एकेक करून टुणटुण उड्या मारू लागले.