तेजीला दिलेला पीळ

लोखंडालाही तोंड होतं, तेव्हाची गोष्ट. बांगडीसारख्या गोल, पोकळ अशा एका पोलादी कड्याच्या आत तेजी नावाची ज्वाला राही. सूर्याचीच लेक ती, पण कड्याच्या भिंतीला टेकली तर निवून मरणार. म्हणून कड्याला बाहेरून वेढून बसलेली चुंबकमावशी तिला हात न लावता, नुसत्या ओढीनं अधांतरी सांभाळायची.

तेजी भारी अवखळ. गोल गोल धावताना बाहेरच्या भिंतीकडे सरकायची आणि मावशीचा जीव वरखाली व्हायचा. एकदा घाबरून मावशीनं ओढ आवळली, तशी तेजी मुठीत दाबलेल्या कणकेसारखी ओढीच्या फटीफटीतून बाहेर फुगली.

"मावशे, जीव गुदमरतो गं!"

"मग स्वस्थ बस की, भवाने!"

"स्वस्थ बसले तर ज्वाला कसली मी?"

भिंतच कळवळली. "अगं, आवळतेस काय? माझ्यावर आली तर मरेल पोर! वेणीला देतात तसा पीळ दे तुझ्या ओढीला."

मावशीनं पीळ दिला. आता तेजी धावता धावता बाहेरच्या अंगानं खाली जाई, खालून आतल्या अंगाला, तिथून वर आणि वरून पुन्हा बाहेर. भिंतीकडे कलायला तिला सवडच मिळेना.

"धाव बाई," मावशी म्हणाली, "दमेस्तोवर धाव."

तेजी काही दमली नाही.