ठकू परटिणीची दवंडी

कुंदा नदीचं पाणी निळं झालं आणि हिवरपूरच्या राजा अचलदेवाच्या रंगशाळेतले चाळीसच्या चाळीस रंगारी एका सकाळी काम टाकून घरी बसले.

नदी निळी का झाली, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. रंगशाळेतल्या कढया रोज नदीतच रित्या व्हायच्या. मासे उताणे पडले, गुरं पाण्याला तोंड लावेनात, रंगाऱ्यांच्याच पोरांच्या अंगावर पुरळ उठलं. पण राजाला सांगणार कोण? अचलदेव अगदी नावासारखा होता. एकदा बोलला की डोंगर हलेल, पण तो हलायचा नाही.

"माणसं गेली तर दुसरी आणा," तो म्हणाला. "दवंडी द्या."

पहिली दवंडी दरबारच्या शास्त्रीबुवांनी रचली. 'सरितेने नूतन नीलवस्त्र परिधान केले आहे, तरी इच्छुकांनी कामास यावे.' गाव पोट धरधरून हसलं. दुसरी एका भाटानं दिली. हे पाणी अंगाला फार गुणकारी आहे, असं तो चौकात ओरडला. तेव्हा एका म्हातारीनं त्याच्यापुढे त्याच पाण्याचा तांब्या धरला. "घे बाबा, आधी तुझ्या अंगाला गुण येऊ दे." भाटानं हलगी तिथंच टाकली आणि गावाची शीव गाठली.

मग राजा इरेला पेटला. त्यानं भर दरबारात अटी घातल्या. दवंडीत एकही शब्द खोटा नको. नदीचं नावसुद्धा नको. आणि तीन दिवसांत रंगशाळेच्या दारात चाळीस माणसं उभी राहिली पाहिजेत. जमेल त्याला राज्याचा दवंडीकार नेमू.

दरबारात एकाचीही मान वर होईना. नदीचं नाव न घेता खरं बोलायचं, म्हणजे ओठ मिटून गाणं म्हणायचं.

पुढे आली ती ठकू परटीण. तिला गप्प बसून चालण्यासारखंच नव्हतं. महिनाभर तिच्या घाटावर पांढरं धोतर धुवायला यायचं आणि आकाशी होऊन परत जायचं. निम्मी गिऱ्हाइकं तुटली होती. उरलेली धुणं कमी आणि तोंड जास्त पाठवत होती.

"मी देते दवंडी," ती म्हणाली.

राजानं तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "जमलं नाही, तर तुम्ही सगळ्या परटांनी घाट सोडायचा. कबूल?"

घाटावर ठकूच्या जातभाईंची अकरा घरं होती. पण पाणी असंच राहिलं, तर तो घाट तसाही सुटणारच होता.

"कबूल, महाराज. फक्त एक विचारू? माणसांना काम कुठलं सांगू?"

"ते तुझं तू बघ," राजा खेकसला. "काय सांगायचं ते तू ठरव. मला दारात चाळीस डोकी दिसली पाहिजेत."

"दिवाणजी, एवढं जरा लिहून ठेवता का?" ठकू म्हणाली. दिवाण त्र्यंबकपंतांनी ते लिहून ठेवलं.

ठकू दरबारातून निघाली ती थेट रंगारी आळीत गेली. राणबा हा रंगशाळेतला सगळ्यांत जुना कारागीर. त्याच्या ओट्यावर बसून तिनं विचारलं, "राणबादादा, काय केलं तर तुम्ही कामावर परत याल?"

"अगं, महिन्यात हे विचारणारी तू पहिली," राणबा म्हणाला, आणि मग बराच वेळ बोलत बसला.

दुसऱ्या दिवशी ठकूनं भाटानं टाकलेली हलगी उचलली आणि चौकाचौकात दवंडी पिटली. "ऐका हो ऐका! राजेसाहेबांना चाळीस माणसं पाहिजेत. रंगशाळेच्या मागं मोठे हौद खणायचे आहेत. कढयांचं पाणी हौदात साठवायचं, वाळूतून गाळायचं आणि नितळ झाल्यावरच पुढं सोडायचं. कुदळ-फावडं असेल त्यानं घेऊन यावं!"

तिसऱ्या दिवशी सकाळी रंगशाळेच्या दारात चाळीस नाही, दोनशे माणसं उभी होती. बायका पाट्या घेऊन आल्या होत्या. कोळी, गुराखी सगळे आले होते, आणि सगळ्यांच्या पुढे राणबा होता.

गर्दी बघून राजा खूश झाला, पण कुदळी बघून त्याच्या कपाळाला आठी पडली. "हौद? मी हौद खणा असं कधी म्हणालो?"

"काय सांगायचं ते तू ठरव, असं म्हणालात, महाराज. दिवाणजींच्या कागदात आहे."

त्र्यंबकपंत खोकले आणि त्यांनी मान डोलावली.

"मग तू खोटं बोललीस," राजा म्हणाला. "अट मोडलीस. घाट सोड."

ठकूनं गर्दीकडे हात केला. "महाराज, माणसं कुदळी घेऊन उभी आहेत, जागा मोकळी आहे. आत्ता तुम्ही 'खणा' म्हणालात, तर माझा शब्द न् शब्द खरा. 'नका खणू' म्हणालात, तर खोटा. माझं तोंड तुम्ही दवंडीपुरतं भाड्यानं घेतलंत. आता त्यातून निघालं ते खरं की खोटं, हे तुमच्या तोंडात आहे."

राजानं दोनशे माणसांकडे पाहिलं. दोनशे माणसं त्याच्याकडे पाहत होती.

"आणि हौद खणून झाल्यावर?" त्यानं पडल्या आवाजात विचारलं. "कढयांवर कोण उभं राहणार?"

"आम्हीच की, सरकार," राणबा म्हणाला. "दुसरं येतंय काय आम्हाला?"

राजाच्या मिशा थरथरल्या. आता हा गरजणार, म्हणून दिवाणजी दोन पावलं मागे सरले. पण राजा हसला. आधी नाकातल्या नाकात आणि मग असा खदाखदा, की त्याचा मंदिल कानावर आला.

"खणा!" तो ओरडला. "खणा रे, या बाईनं मला कोपऱ्यात गाठलंय. दिवाणजी, आजपासून ही राज्याची दवंडीकारीण. वर्षाला वीस मण ज्वारी."

"आधीच्या दवंडीवाल्याला किती होती, महाराज?" ठकूनं विचारलं.

"वीसच."

"तो बोलून घरी जायचा," ठकू म्हणाली. "मला बोललेलं घडतंय का, ते बघत उभं राहावं लागेल. चाळीस."

"चाळीस!" राजा डोळे पुसत म्हणाला, आणि पुन्हा हसत सुटला.