झिपऱ्याचं घरटं

एक होती विहीर, विहिरीवर वाकलेली बाभळ, आणि बाभळीवर राहायचा झिपऱ्या नावाचा सुगरण पक्षी. त्यांच्यात घर नवऱ्यानं विणायचं आणि नवरीनं पारखायचं, अशी रीत. त्याच्या पिवळी नावाच्या नवरीनं नाक मुरडलं, की झिपऱ्या रागानं अख्खं घरटं उसकटायचा आणि पुन्हा पहिल्या काडीपासून सुरू! हंगाम सरत आला, तरी संसाराचा पत्ता नाही.

एकदा जपानाकडून उडत आलेला तुतवार पक्षी विहिरीवर टेकला. हा तमाशा बघून म्हणाला, "अरे शहाण्या, सगळं का मोडतोस? आमच्याकडं कायझेन म्हणतात. म्हणजे कालच्याहून आज तसूभर बरं करायचं."

"मग करू काय, पाहुणं?"

"आधी तिला विचार तरी, काय खुपतंय!"

झिपऱ्यानं मान खाली घालून विचारलं.

पिवळी फणकारली, "आज सुचलं होय! वरची गाठ सैल आहे."

त्यानं तेवढीच गाठ आवळली. दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, "आत वारा शिरतो." त्यानं तेवढंच भोक ओल्या मातीनं लिंपलं.

मग एका सकाळी पिवळी आत शिरली, ती बाहेर येईचना. झिपऱ्या घाबरला, "आता काय राहिलं गं?"

"मऊ कापूस आण. अंडी घालायचीत," आतून आवाज आला.

आणि थोड्याच दिवसांत त्या घरात चिवचिवाट मावेनासा झाला.