गाढवे साहेबांची मात्रा

मराठी मजकूर पडद्यावर नीट मांडता यावा म्हणून रेवती शेंबेकर इतर प्रोग्रामरांसाठी आज्ञावली तयार करत होती. मात्रा अक्षरापासून तुटू नये, यासाठी तिने पंधरा दिवस जास्त मागितले. संचालक गाढवे साहेब उखडले.

"मात्रेचे कसले लाड? जागा संपली की तिथेच ओळ तोडायची. हा माझा नियम!"

रेवतीने नियम मुकाट्याने पाळला. पाहुण्यांसमोर प्रात्यक्षिक सुरू झालं. साहेबांच्या नावाशीच ओळीतली जागा संपली. मात्रा खाली घसरली आणि वर उरलं, "संचालक गाढव". सभागृहात खसखस पिकली.

"मला गाढव म्हणता?" साहेब कडाडले.

"छे हो साहेब! मात्रा अक्षराजवळ ठेवायची परवानगी द्या, लगेच गाढवे व्हाल."

साहेब सभागृहाबाहेर पडले ते परवानगी देऊनच.