शेकरूचं उत्तर

एका शहराला आंतरराष्ट्रीय शालेय खेळांचं यजमानपद मिळालं आणि शेकरू हे शुभंकर ठरलं. त्याचा जाड, केसाळ पोशाख बेताच्या उंचीचा निघाला, म्हणून मैदान झाडणाऱ्या ठेंगण्या रत्नामावशींना त्यात उतरवलं. सकाळपासून उभं राहून राहून त्यांचे गुडघे भरून आले.

"बर्गेसाहेब, पाच मिनिटं टेकू का?"

"मावशी, शेकरू दमत नाही," मुख्य संयोजक म्हणाले. "आणि बोलत तर मुळीच नाही. पुन्हा आवाज आला तर उद्यापासून येऊ नका."

मावशी पुन्हा हात हलवत नाचू लागल्या.

उद्घाटनाला परदेशी पाहुण्यांसमोर साहेब रंगात आले. माइकवरून म्हणाले, "आमचं शेकरू दहा दिवस असंच नाचणार. काय शेकरू, दमलंस का?"

शेकरू सावकाश व्यासपीठावर चढलं आणि साहेबांच्या रिकाम्या खुर्चीत बसलं. पाहुण्यांनी हसत टाळ्या वाजवल्या. साहेबांनाही हसावं लागलं.

कार्यक्रम संपल्यावर ते तडकले, "हे काय केलंत?"

मावशींनी शेकरूचं डोकं काढून मांडीवर ठेवलं.

"साहेब, तुम्ही सगळ्यांसमोर विचारलंत. बोलायची बंदी होती, म्हणून बसून सांगितलं."

दुसऱ्या दिवशी मैदानाच्या कडेला सावलीत एक खुर्ची दिसली. तिच्या पाठीवर लिहिलं होतं, 'शेकरूसाठी राखीव'.