आत्ता म्हणजे कधी?

गाड्या अजून माणसंच हाकत होती, त्या काळातली ही गोष्ट. संगणकातल्या खोट्या रस्त्यावर एक गाडी आपली आपण चालायला शिकत होती आणि सारखी झाडावर आदळत होती. तिला शिकवणारी हेमांगी दर वेळी गाडीच्या स्टिअरिंगरावांनाच झापायची, "प्यायलात की काय?"

शेवटी स्टिअरिंगराव रस्ता बघून सांगणाऱ्या कॅमेऱ्यावर उखडले. "गाडी डावीकडे गेली म्हणतोस, ती कधी?"

"आत्ता."

"आत्ता म्हणजे कधी?"

"आत्ताच की! अर्धा सेकंद झाला असेल."

"अरे, तोवर मी ती सरळ केलेली असते! तुझं ऐकून पुन्हा उजवीकडे वळवतो, नि दारुडा मी ठरतो!"

हेमांगीच्या कानावर हे भांडण गेलं. तिने कॅमेऱ्याचा उशीर काढून टाकला. गाडी सुतासारखी सरळ धावली.

"शाब्बास कॅमेऱ्या, काय नजर आहे तुझी!" हेमांगी म्हणाली.

स्टिअरिंगरावांना रागाने तोंड फिरवायचं होतं; पण रस्ता सरळ होता.