आबांचं जहाज

“आबांचं जहाज कुठवर पोचलं रे?” बाईंनी विचारलं.

यज्ञेश पायरीवर चपला काढत होता. काखेत त्याची पेटी. “असेल निम्म्या समुद्रात. पण बाई, आधी ही पेटी बघा. आता हिला काही म्हणजे काही होणार नाही!”

मी पडवीत फणसाचे गरे काढत बसले होते, हातांना तेल फासून. बाईंकडे कॉम्प्युटरची लिनक्स सिस्टिम शिकायला लागून मला नऊ वर्षं झाली. असली वाक्यं ऐकली की मी आता मान वर करत नाही. मीही एकदा बोलले होते, ते आठवतं.

पेटीची हकिकत एवढीच. यज्ञेशचे आजोबा, आबा सारंग, जन्मभर मचव्यावर, म्हणजे शिडाच्या होडीवर, तांडेल होते, खलाशांचे म्होरके. म्हातारपणी दृष्टी गेली. नातवानं त्यांना पुस्तक वाचून दाखवणारी पेटी करून दिली. एक बटण, एक स्पीकर, आत छोटासा कॉम्प्युटर, त्याची सगळी साठवण एका कार्डावर. पुस्तक एका जहाजाच्या सफरीचं. आमच्याकडे लाईट कधी जाईल याचा नेम नाही, आणि पेटी कार्डावर काही लिहीत असताना लाईट गेली की कार्डच बिघडायचं. दोनदा तसं झालं. दोन्ही वेळा आबा आठवडाभर पुस्तकाविना बसून राहिले.

“म्हणून गेल्या आठवड्यात सगळी सिस्टिमच कुलूपबंद करून आबांना दिली,” यज्ञेश म्हणाला. “फक्त वाचायची, लिहायचं काही नाही. आतलं एक अक्षर कोणी बदलू शकत नाही. खुद्द मीसुद्धा!”

“शाब्बास,” बाई म्हणाल्या. मनापासून म्हणाल्या. “आणि खूण?”

“कसली?”

“आबा कुठे थांबले त्याची.”

“ती मेमरीत राहते ना, तात्पुरती...”

बाईंनी पेटीची वायर लावली, बटण दाबलं. पेटी बोलू लागली. ‘पहाटे जहाज बंदरातून सुटलं.’ बाईंनी पानभर वाचू दिलं. मग वायर उपटली, परत लावली, परत बटण दाबलं.

‘पहाटे जहाज बंदरातून सुटलं.’

यज्ञेशनं पेटी उलटी करून पाहिली.

“परवा मी आबांकडे गेले होते,” बाई म्हणाल्या. “विचारलं, पुस्तक कसं चाललंय? म्हणाले, आठ दिवस झाले, जहाज रोज सुटतंय. पण पोराला सांगू नका हां, फार मेहनत घेतलीय त्यानं.”

पोराचं तोंड एवढंसं झालं. मला त्याची दया आली, खोटं कशाला बोलू?

त्यानं घाईघाईनं लॅपटॉप उघडला. “आत्ता कुलूप काढतो!”

“सगळं?”

त्याची बोटं थांबली. “लिहू दिलं तर बिघडते. नाही लिहू दिलं तर विसरते. मग बाई, मी करू तरी काय...”

बाई उठल्या. आतून एक जाडजूड पुस्तक आणि एक मोरपीस घेऊन आल्या. पीस मधल्या एका पानात ठेवलं, पुस्तक मिटलं.

“पुस्तकात मी काय लिहिलं?”

“काहीच नाही.”

“खूण राहिली?”

“...राहिली.”

आणि एकदम त्याचा चेहरा उजळला. लगेच कामाला लागला. कार्डावर लिहिण्यापुरता एक छोटा कप्पा वेगळा काढला, खूण त्यात ठेवली, बाकी सगळं होतं तसं कुलूपबंद. कप्पा बिघडला तरी पेटी सुरू होणारच. मी दोन गरे त्याच्या पुढ्यात सरकवले, त्याला भान नव्हतं.

“झालं!” तो म्हणाला. गडी परत हवेत.

बाईंनी पुस्तक उघडून त्याच्या हातात दिलं. “आबा पुढच्या पानावर गेले. हलव खूण.”

त्यानं पीस उचललं मात्र... फट्! बाईंनी पुस्तक मिटवलं.

“लाईट गेली,” बाई म्हणाल्या.

पीस त्याच्या हातात आणि पुस्तक मिटलेलं. कुठलं पान होतं, देव जाणे. त्यानं पीस बोटांत उलटसुलट फिरवलं. मला सांगावंसं फार वाटत होतं, पण मी ओठ घट्ट मिटले.

“ताई,” तो माझ्याकडे वळला, “तुमच्या वहीत एक पीस असतं ना?”

मी तेलकट हातानंच काढून दिलं. त्यानं चुकलेलं पान अंदाजानं शोधलं, पहिलं पीस परत ठेवलं. मग दुसरं पीस पुढच्या पानात सारलं. नीट बसलंय ना, ते पाहिलं. आणि मगच पहिलं काढलं. तेवढ्यात बाईंनी तीनदा पुस्तक मिटवून पाहिलं. तिन्ही वेळा आत खूण होतीच.

“गुलामा!” बाई हसल्या आणि त्याच्या डोक्यात हलकीशी टपली मारली.

त्यानं पेटीला तसंच शिकवलं. नवी खूण आधी जुनीच्या शेजारी पुरती लिहायची, कार्डावर उतरल्याची खात्री करायची, मगच तिला जुनीच्या जागी बसवायचं. मग स्वतःच वायर उपटत सुटला. किती वेळा, मी मोजायचं सोडून दिलं. शेवटी एकदा वायर लावली, बटण दाबलं, आणि पेटी म्हणाली, ‘तिसऱ्या दिवशी किनारा दिसेनासा झाला.’

यज्ञेशनं डोळे पुसले. माझे हात तेलकट नसते तर मीही पुसले असते.

बाईंनी आबांसाठी गरे केळीच्या पानात बांधून दिले. तो पेटी घेऊन पायरीपर्यंत गेला आणि तिथेच घुटमळला.

“बाई... आठ दिवस ते काही बोलले नाहीत. आता कुठल्या तोंडानं जाऊ? आधी माफी मागतो, मग पेटी लावतो.”

“माफी राहू दे रे,” बाई म्हणाल्या. “आधी नांगर उचल.”